हौशी शोधकांची वही : आषाढ ते भाद्रपद

आषाढी एकादशीला रहस्यकादंबऱ्यांच्या वाचनासाठी नवी वही उघडली तेव्हा एकच अट ठेवली होती. शोध घेणारा माणूस पोलिसातला नको, पैसे घेऊन तपास करणारा गुप्तहेरही नको. आजवर सहा कादंबऱ्या पुऱ्या झाल्या, सातवी हातात आहे. सहापैकी दोनदा खुनी बरोबर ओळखला. पहिल्या चारही वेळा चुकले, शेवटच्या दोन्ही बरोबर आल्या, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईलच. खुनी कोण हे मात्र या नोंदीत कुठेही लिहिलेलं नाही, निर्धास्त वाचा.

माझी पद्धत ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: पुस्तकाची दोन-तृतीयांश पानं झाली की खूण घालून पुस्तक मिटायचं. वहीत संशयिताचं नाव लिहायचं, खाली कारण, त्याखाली तारीख. मगच पुढचं पान उलटायचं. लिहायचं शाईने आणि नंतर खाडाखोड करायची नाही. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले होते. त्यातला पहिलाच असा की, गुन्हेगार कथेत सुरुवातीलाच कुठेतरी दिसून गेलेला असला पाहिजे. हा नियम पाळणारा लेखक असेल, तर दोन-तृतीयांशापर्यंत लागणारं बहुतेक सगळं आपल्यासमोर येऊन गेलेलं असतं.

या वेळी वाचनाला जोडीदार आहे. दिवेलागणीनंतर मी त्या दिवशीचा भाग आईला मराठीत सांगते. बारीक टाइप आता तिच्या डोळ्यांना सोसत नाही, पण कान तयार आहेत. तिच्या माहेरी बाबूराव अर्नाळकरांच्या कादंबऱ्या घरभर फिरायच्या. हजाराहून जास्त लिहिल्या त्यांनी, त्यामुळे संपतील ही भीतीच नव्हती. माझी सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून. फुरसुंगीचा बनेश फेणे शाळकरी पोरगा होता, त्याला कुणी तपासाला नेमलेलं नव्हतं, आणि तरी तो नको तिथे जाऊन पोचायचा. हौशी शोधकाची गोडी मला तिथूनच लागली.

पहिलं पुस्तक रिचर्ड ऑस्मनचं 'द थर्सडे मर्डर क्लब', २०२० सालचं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात ज्येष्ठांची एक वसाहत आहे. तिथले चौघे दर गुरुवारी जमून जुन्या, न उलगडलेल्या खुनांच्या फाइली उघडतात. एलिझाबेथ गुप्तचर खात्यात काम केलेली, जॉइस नर्स, इब्राहिम मनोविकारतज्ज्ञ आणि रॉन कामगार पुढारी. मधली मधली प्रकरणं जॉइसच्या डायरीतून येतात आणि पुस्तकाचा खरा जीव तिथे आहे. केकबद्दल सांगता सांगता ती एक ओळ अशी लिहून जाते की तिसऱ्या दिवशी ती आठवते आणि मागची पानं चाळावी लागतात. आईला जॉइस फार आवडली. अंदाज चुकला. मी एलिझाबेथच्याच मागे फिरत राहिले आणि जॉइसकडे दुर्लक्ष केलं.

दुसरं रॉबर्ट थॉरोगुडचं 'द मार्लो मर्डर क्लब' (२०२१). जुडिथ पॉट्स ७७ वर्षांची, शब्दकोडी तयार करणारी, थेम्सच्या काठावरच्या मोठ्या घरात एकटी राहणारी. एका संध्याकाळी ती नदीत पोहत असताना पलीकडच्या शेजाऱ्याकडून गोळीचा आवाज येतो. पोलीस तिचं म्हणणं मनावर घेत नाहीत. इथे मी अडले. पाण्यावरून आलेला आवाज नेमका कुठून आला हे पाण्यातल्या माणसाला कितपत कळतं?

नाशिकमध्ये राहून हा प्रश्न वाऱ्यावर सोडायचा नसतो. रविवारी पहाटे सहाला भाचीला घेऊन गोदाघाटावर गेले. पूर यायच्या आधीची गोष्ट, पाणी पायऱ्यांच्या खालीच होतं. ती गाडगे महाराज पुलाच्या पलीकडच्या अंगाला, मी अलीकडे, डोळे मिटून. तिने जागा बदलत दहा वेळा स्टीलची थाळी वाजवायची आणि मी बोट दाखवायचं. आवाज दहाही वेळा स्वच्छ आला, पण दिशा तीन वेळा चुकली. तिन्ही वेळा ती दगडी भिंतीच्या कडेला उभी होती. भिंतीवर आपटून आलेला आवाज मला भलत्याच पायरीवरून आल्यासारखा वाटला. चौथ्या थाळीनंतर पूजेला आलेले एक आजोबा थांबले, काय चाललंय ते विचारलं आणि उरलेल्या सहा वेळा तेही डोळे मिटून बोट दाखवत उभे राहिले. त्यांचे सहाच्या सहा बरोबर! रोज पहाटे याच घाटावर येणाऱ्या माणसाचे कान वेगळे असतात. जुडिथही त्या नदीत रोज उतरणारी आहे, हे मला त्या क्षणी पटलं. पुढच्याच आठवड्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत चढलं, आणि प्रयोग तिथेच थांबला. (अंदाज याही पुस्तकात चुकला.)

तिसऱ्या पुस्तकाने छळलं. अँथनी हॉरोविट्झचं 'मॅगपाय मर्डर्स' २०१६ चं. या मालिकेतलं तिसरं 'मार्बल हॉल मर्डर्स' २०२५ मध्ये आल्यावर पहिल्यापासून वाचायचं ठरवलं होतं. यातली शोधक प्रकाशन संस्थेतली संपादक आहे, सुझन रायलँड. तिच्या हाती एका रहस्यकादंबरीचं हस्तलिखित येतं आणि शेवटचं प्रकरणच गायब असतं. माझी प्रत जुन्या पुस्तकांच्या ढिगातून घेतलेली. वाचता वाचता एका ठिकाणी वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि पुढच्या पानावर भलताच प्रसंग. हरवलेल्या पानांचीच गोष्ट वाचत असल्यामुळे मला वाटलं, हाही लेखकाचा डाव. दोन दिवस त्या तुटलेल्या वाक्यावर वहीत दीड पान लिहिलं. मग पानांचे आकडे पाहिले. बरोबर सोळा पानं नव्हती. बांधणीत अख्खा फर्मा, म्हणजे एकत्र दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, सुटला होता. विकणाऱ्याने पुस्तक परत घेतलं नाही. मैत्रिणीच्या प्रतीतून ती सोळा पानं वाचली, पण तोवर अंदाज त्या तुटलेल्या वाक्यावरच उभा राहिला होता. जुनं पुस्तक घेताना मुखपृष्ठ नंतर बघा, आधी पानांचे आकडे सलग आहेत का ते तपासा. रहस्यकथेत एक फर्मा म्हणजे दोन-तीन धागे सहज जातात.

जॅनिस हॅलेटचं 'द अपील' (२०२१) आईला सांगणं अवघड गेलं, कारण त्यात निवेदनच नाही. सगळी कादंबरी ईमेल आणि मेसेजमधून उलगडते. एका गावातली हौशी नाटक मंडळी आर्थर मिलरचं 'ऑल माय सन्स' बसवत असते. मंडळीच्या प्रमुखाच्या नातीला मेंदूचा कॅन्सर निघतो आणि उपचारांसाठी निधी गोळा करायला सुरुवात होते. पुढे वकिलीचं शिक्षण घेणाऱ्या दोघांच्या हातात ही कागदपत्रं येतात आणि त्यांच्याबरोबर आपणही तीच वाचतो. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांनी हे वाचाच. मोठी भूमिका कुणाला, चहा कुणी आणायचा, दिग्दर्शकाच्या घरच्यांपुढे आवाज कुणाचा बसतो, ही सगळी उतरंड मेसेजच्या नुसत्या मायन्यातून कळते. आईसाठी मी पात्रांची नावं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि ताटात मांडली. कोण कुणाला लिहितं, त्याप्रमाणे ती चिठ्ठ्या सरकवायची. चौथाही अंदाज चुकला, पण या वेळी नावाच्या अगदी शेजारून गेले होते.

आता सुजाता मॅसी. 'द विडोज ऑफ मलबार हिल' २०१८ मध्ये आलं. आपल्याकडे ते 'अ मर्डर ऑन मलबार हिल' या नावाने मिळतं. काळ १९२१, गाव मुंबई. परवीन मिस्त्री वडिलांच्या वकिली कचेरीत काम करणारी पारशी तरुणी. एका मुस्लिम गिरणीमालकाच्या मागे तीन विधवा राहिल्या आहेत, तिघी पडद्यात. तिघींनी आपला वारसाहक्क धर्मादाय निधीला दिल्याचे कागद कचेरीत येतात. त्यातल्या एकीची सही म्हणजे नुसती फुली. मी हे सांगितलं आणि आईने पोळी लाटता लाटता विचारलं, "फुली मारणाऱ्या बाईला कागद वाचून कुणी दाखवला?" परवीनला पडलेला प्रश्न नेमका हाच.

परवीन हे पात्र ज्यांच्यावरून सुचलं, त्यांतल्या एक म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी, आणि त्यांचा जन्म नाशिकचा, १५ नोव्हेंबर १८६६ चा! मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. ऑक्सफर्डला कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्रीही त्याच. १८९२ मध्ये परीक्षा दिली, तरी बॅरिस्टर म्हणून उभं राहायला १९२० चं दशक उजाडावं लागलं, कारण तोवर स्त्रियांना वकिलीची दारं बंद होती. मधल्या काळात, १९०४ पासून, त्या बंगालमध्ये सरकारच्या वतीने पडदानशीन स्त्रियांच्या मालमत्तेची प्रकरणं बघत. पुरुष वकिलाला जिथे उंबरा ओलांडता येत नव्हता, तिथे त्या आत जाऊन बसत. आपल्या गावात जन्मलेल्या बाईंच्या आयुष्यातून एक अख्खी रहस्यमालिका उभी राहिली आणि मला हे इतक्या उशिरा कळलं, याची हळहळ वाटते.

त्या रात्री आई म्हणाली, "पोलिसाला त्या घरात सोडलंच नसतं गं. हिला सोडलं. आता बघ, आणखी कुणाकुणाला सोडतात." मी उठून वहीत तिसरा रकाना आखला: कुणाला कुठवर शिरकाव. दिवाणखान्यापर्यंत कोण, माजघरापर्यंत कोण, मागच्या दाराने कोण. पन्नासेक पानं मागे जाऊन तो भरून काढला. आधी सात संशयित होते, रकाना भरल्यावर दोन उरले. त्यातलं एक शाईने लिहिलं आणि तेच निघालं. लगेच मालिकेतलं दुसरं, 'द सातापूर मूनस्टोन' (२०१९) घेतलं. हे सातापूर म्हणजे सह्याद्रीतलं एक काल्पनिक संस्थान, आपल्या एमआयडीसीच्या सातपूरशी त्याचा संबंध नाही, पण नाव वाचून दर वेळी मन त्र्यंबक रोडला जाऊन येतंच. पावसाळ्यातला राजवाडा, दोन पडदानशीन राण्या, एक अल्पवयीन महाराजा. इथेही तिसरा रकाना कामी आला.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय: नाशिकची कादंबरी कुणी लिहिली, तर शोधक कोण असेल? माझ्या मते पंचवटीतले तीर्थोपाध्याय. त्यांच्याकडे यजमानांच्या कुळांच्या नामावळ्यांचे चोपडे असतात. कुठल्या गावचं घराणं, कोण कधी येऊन गेलं, कुणाबरोबर आलं, सगळं त्या त्या पिढीच्या हस्ताक्षरात. मृत्यूनंतर दहाव्या दिवशी घरचे लोक आपणहून त्यांच्यासमोर येऊन बसतात, आणि कोण रडतं, कोण घड्याळ बघतं, हे त्यांना दिसतं. पोलिसाला महिनाभर खपून मिळणार नाही ते गुरुजींच्या पुढ्यात तासाभरात येतं. कुणाला असं पुस्तक लिहावंसं वाटत असेल तर घाटावरच्या वेळा, बोली, सामान, हवी ती माहिती गोळा करून द्यायला मी तयार आहे.

सध्या हरिणी नगेंद्र यांचं 'द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' (२०२२) चालू आहे. पुन्हा १९२१. गणितात रमणारी, साडीतून तपास करणारी कावेरी आणि तिचा डॉक्टर नवरा रामू. क्लबातल्या मेजवानीच्या वेळी बागेत खून होतो. बागेत कोण जाऊ शकतं, हा रकाना सगळ्यात लांबलचक झाला आहे: पाहुणे, नोकर, आणि अंधारातून आलेले बिनबोलावलेले. काल दोन-तृतीयांशाची खूण आली. मी नाव लिहिलं. आईने माझं नाव ऐकून मान हलवली आणि दुसरंच सांगितलं, कारण विचारलं तर म्हणाली, "आधी शाईने लिही, मग सांगते." लिहिलं आहे.