अर्धा झाकलेला कागद

"हिच्या हातातला कागद अर्धाच का गं दाखवलाय?" सदाशिव पेठेत मैत्रिणीच्या घरी आज टॅरोचे, म्हणजे भविष्य पाहण्यासाठी वापरतात ते चित्रांचे पत्ते मांडलेले असताना तिच्या आईंनी 'हाय प्रीस्टेस'चा, म्हणजे मुख्य पुजारिणीचा पत्ता चष्म्याजवळ धरून विचारले, आणि तो प्रश्न दिवसभर माझ्या मनातून गेला नाही.

१९०९ साली पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या संचातला हा दुसऱ्या क्रमांकाचा पत्ता. जेरुसलेमच्या सॉलोमनच्या मंदिरातले दोन स्तंभ, एक काळा आणि एक पांढरा. त्यांच्यामध्ये डाळिंबांची नक्षी असलेला पडदा, पायाशी चंद्रकोर, आणि या सगळ्याच्या मधोमध स्थिर बसलेली ती. तिच्या मांडीवरच्या गुंडाळीवर ज्यूंच्या धर्मग्रंथाचे नाव आहे. पण त्या गुंडाळीचा काही भाग झग्याआड गेला आहे.

अंतर्ज्ञानाचा पत्ता म्हणून याची ओळख करून देताना लोक गूढ शक्तींविषयीच फार बोलतात, आणि ते मला खटकते. चित्रातली स्त्री काहीही करत नाही. ना ती भविष्य सांगते, ना पडदा बाजूला सारते. दोन टोकांपैकी कोणत्याही एका बाजूला न झुकता, जे आतून कळले आहे ते पुरते उमगेपर्यंत ती थांबते, आणि हे थांबणेच मला त्या चित्राचे मर्म वाटते.

काकूंनी पत्ता खाली ठेवत म्हटले, "म्हणजे हिला ठाऊक आहे, फक्त घाई नाही."

तुमच्यापैकी जे पत्ते वाचतात, ते हा पत्ता उलटा आल्यावर त्याचा अर्थ कसा लावतात?