मामांचा जेएमपी-१ आणि त्याची डिजिटल प्रत : चार महिन्यांच्या कामाची नोंद

जून

मार्शलचा जेएमपी-१ हा प्रीअँप (गिटारचा बारीक सिग्नल वाढवून त्याचा आवाज घडवणारे यंत्र) जूनच्या पहिल्या आठवड्यापासून माझ्या टेबलावर झाकण काढून ठेवलेला आहे. हे यंत्र माझ्या मामांचे. त्यांनी सांगली-कोल्हापूर भागातल्या ऑर्केस्ट्रांत वीसएक वर्षे गिटार वाजवली, आणि त्यांतली बरीच वर्षे गणेशोत्सवात आणि गावोगावच्या यात्रांत हाच प्रीअँप थेट मिक्सरला जोडून काढली. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले तेव्हा त्यांच्या गावभागातल्या घरात रॅकच्या तळाला असलेला पॉवर अँप आणि त्याच्यावरचे इफेक्ट्सचे युनिट, दोन्ही बुडाले. सर्वांत वर बसवलेला जेएमपी-१ मात्र चार बोटांनी वाचला. त्यानंतर तो कपाटावर पडून होता. या वर्षी मामांनी तो माझ्या हवाली केला.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जेएमपी-१ हा १९९२ साली आलेला, रॅकच्या एका घरात मावणारा प्रीअँप असून त्यात दोन ईसीसी८३ व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्या), दोन क्लीन (स्वच्छ) आणि दोन ओव्हरड्राइव्ह (मुद्दाम विकृत केलेले) असे चार आवाज, शंभर प्रीसेट (साठवून ठेवलेल्या मांडण्या) आणि मिडीद्वारे, म्हणजे वाद्यांना जोडणाऱ्या डिजिटल संदेशांद्वारे, प्रीसेट बदलण्याची सोय आहे. आयर्न मेडनचे डेव्ह मरे आणि झीझी टॉपचे बिली गिबन्स यांनी तो वर्षानुवर्षे वापरला. त्याच्या पुढच्या पट्टीवर गेन (सिग्नल किती वाढवायचा ते), बास आणि ट्रेबल यांची वेगवेगळी बटणे फिरवायची नसतात. हवे ते बटण दाबायचे आणि एकच मोठे चाक फिरवून आकडा बदलायचा, अशी त्याची रचना आहे. ही रचना पुढे माझ्या कामात फार महत्त्वाची ठरली.

दुरुस्तीत फारसे नाट्य नव्हते. दमटपणामुळे सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर चढला होता, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मऊ ब्रशने काढला. वीजपुरवठ्यातले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर ईएसआर मीटरवर (त्यांचा अंतर्गत रोध मोजणाऱ्या मीटरवर) तपासले, त्यांतले चार वाळलेले निघाले, ते बदलले. चाकाखालचा एन्कोडर (चाकाचे फिरणे आकड्यांत बदलणारा भाग) झिजला असल्यामुळे एक घर फिरवले की आकडा कधी एकाने तर कधी तिनाने पुढे सरकत असे. तो उघडून साफ केल्यावर बराच सुधारला, पण पूर्ण बरा झालेला नाही. हे काम करू पाहणाऱ्यांना एकच विनंती आहे की प्लग काढल्यानंतरही उच्च दाबाच्या कपॅसिटरमध्ये भार शिल्लक असतो, तो रेझिस्टरमधून उतरवून आणि मल्टिमीटरने खात्री करूनच आत हात घालावा.

खरे नुकसान वेगळे होते. प्रीसेट सांभाळणारी लिथियम बॅटरी संपली होती आणि मामांनी वीस वर्षांत जमवलेले सगळे प्रीसेट पुसले गेले होते. मी ही गोष्ट दोन दिवस त्यांच्यापासून लपवली. तिसऱ्या दिवशी सांगितली तेव्हा ते काही न बोलता आत गेले आणि दोनशे पानी एक वही घेऊन आले. तिच्या पानांवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ आहे, कडा फुगलेल्या आहेत, पण बॉलपेनने लिहिलेले आकडे वाचता येतात. एका ओळीत ३७ हा क्रमांक, पुढे ओडी१ (पहिला ओव्हरड्राइव्ह), गेन १४, मग बास, मिडल, ट्रेबल, प्रेझेन्स यांचे आकडे, आणि शेवटी ज्या गाण्यांना हा आवाज लागत असे त्यांच्या सुरुवातीची अक्षरे. नवी बॅटरी बसवून मी ते आकडे एकेक करून यंत्रात भरले. प्रीसेट ३७ वर पहिला कॉर्ड वाजवला तेव्हा मामांनी मान हलवली आणि म्हणाले, “हाच. हाच रे तो.”

जुलै

पुढचा टप्पा कॅप्चरचा, म्हणजे यंत्राचा आवाज टिपून त्याची डिजिटल प्रत, म्हणजेच मॉडेल, बनवण्याचा. न्यूरल अँप मॉडेलर हे स्टीव्हन अॅटकिन्सन यांनी तयार केलेले मुक्त सॉफ्टवेअर मी वापरतो. त्याची पद्धत अशी की सुमारे तीन मिनिटांचा एक ठरावीक सिग्नल प्रीअँपमधून पाठवायचा, बाहेर आलेला आवाज ४८ किलोहर्ट्झवर ध्वनिमुद्रित करायचा, आणि मग न्यूरल नेटवर्कला आत गेलेल्या व बाहेर आलेल्या सिग्नलमधला संबंध शिकवायचा. गिटारच्या पिकअपची आणि ऑडिओ इंटरफेसची पातळी व इम्पीडन्स (विद्युत रोध) यांत मोठा फरक असल्यामुळे मध्ये रीअँप बॉक्स (इंटरफेसचा सिग्नल गिटारच्या सिग्नलसारखा करणारी पेटी) ठेवणे आवश्यक आहे. तो नसताना केलेली माझी पहिली चार कॅप्चर अवास्तव विकृतीची झाली आणि ती टाकून द्यावी लागली.

मॉडेल कितपत जुळले हे सॉफ्टवेअर एका आकड्याने सांगते, त्यालाही ईएसआर म्हणतात, परंतु त्याचा कपॅसिटरच्या ईएसआरशी काही संबंध नाही. हा त्रुटीचे मूळ सिग्नलशी असलेले प्रमाण दाखवतो. क्लीन आवाजाला मला ०.००२ च्या आसपास आकडा मिळाला, प्रीसेट ३७ ला मात्र तो ०.०३ च्या खाली येईना. तीन रात्री मी प्रशिक्षणाच्या सेटिंग बदलत बसलो आणि दोष तिथे नव्हताच. खोलीतल्या अर्थिंगमुळे ५० हर्ट्झची घरघर सिग्नलमध्ये शिरत होती, आणि जी गोष्ट आत गेलेल्या सिग्नलमध्ये नाही ती मॉडेलला कधीही सांगता येणार नाही, त्यामुळे ती सगळी घरघर त्रुटी म्हणून मोजली जात होती. घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि कोळसा नव्याने भरून घेतला, लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवला, आणि आकडा ०.००८ वर आला.

आता मूळ प्रश्न : प्रत याच यंत्राची का करायची? या छंदातल्या काही अनुभवी मित्रांचे म्हणणे असे की जेएमपी-१ हा स्वतःच तडजोड होता. मार्शलच्या मोठ्या अँपचा आवाज एका चपट्या पेटीत आणण्याचा तो प्रयत्न होता, तेव्हा मॉडेल करायचेच तर मार्शलच्याच १९८१ च्या जेसीएम८०० या अँपचे करावे, नकलेची नक्कल कशाला. हा युक्तिवाद मला पटत नाही. मामांच्या श्रोत्यांनी जेसीएम८०० कधी ऐकलाच नाही. त्यांनी ऐकला तो या पेटीच्या स्पीकर-सिम्युलेशनच्या (स्पीकरच्या आवाजाचा भास निर्माण करणाऱ्या) आउटपुटमधून थेट मिक्सरमध्ये गेलेला, मध्यम स्वरांत जरा दाटलेला आवाज, आणि तोच आवाज त्या काळातल्या कितीतरी ध्वनिमुद्रणांतही आहे. मूळ अँपपासून तो जिथे वेगळा पडतो तिथेच त्याची ओळख आहे. म्हणून मी प्रत्येक प्रीसेटची दोन कॅप्चर घेतो, एक साध्या आउटपुटचे आणि एक स्पीकर-सिम्युलेशनच्या आउटपुटचे.

ऑगस्ट

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मामांना गिटार घेऊन बोलावले. पडद्यामागे मूळ यंत्र आणि मॉडेल आलटून पालटून लावले आणि त्यांनी ओळखायचे असे ठरवले. कॉर्ड, पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवणे), गिटारचा व्हॉल्यूम कमी करून वाजवलेले सूर, अशा दहा फेऱ्या झाल्या आणि त्यांतल्या पाच त्यांनी बरोबर ओळखल्या, म्हणजे अंदाजाने जेवढ्या जमाव्यात तेवढ्याच. मी खूश झालो. मग मॉडेल चालू असताना मामा सहज म्हणाले, “बरं, आता गेन दोनने कमी कर बघू, सोलोच्या आधी मी करायचो तसा.”

मला ते करता आले नाही. मॉडेलच्या आधी सिग्नल कमी करता येतो, पण त्याने गेन १२ चा आवाज मिळत नाही, कारण यंत्रात गेनचा आकडा बदलल्यावर पुढच्या टप्प्यांना मिळणारा सिग्नल जसा बदलतो तसा तो आधीच कमी करून बदलत नाही. माझ्याजवळ प्रीसेट ३७ चा एक निश्चल क्षण होता. मामांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली आणि म्हणाले, “मग हा फोटो आहे.”

त्याच आठवड्यात मिरजेला जाणे झाले. तिथल्या तंबोऱ्यांबद्दल मी वेगळे काही सांगण्याची गरज नाही, पण एका कारागिराकडे जवारी (तारेच्या आवाजात झणकार आणणारी घोडीवरची जुळवणी) लावताना पाहायला बसलो होतो. त्यांनी घोडीवरून जाणाऱ्या तारेखालचा दोरा नखाने केसभर पुढे सरकवला आणि बसका आवाज एकदम उघडला. गिटारच्या ओव्हरड्राइव्हमध्ये जसे मूळ सुरावर नवे स्वरांश तयार होतात तसेच काहीसे तार घोडीच्या वक्र पृष्ठभागाला घासत असताना घडते. इलेक्ट्रॉनिक तंबोरा घरोघरी आहे, मीही वापरतो, पण त्यातला दोरा सरकवता येत नाही. एक फरक मात्र परत येताना बसमध्ये लक्षात आला आणि तो मला महत्त्वाचा वाटतो : मिरजेत आजही नवा तंबोरा बनतो, जवारी लावणारे हात आहेत. जेएमपी-१ चे उत्पादन केव्हाच थांबले आहे, त्याचे एन्कोडर आणि बटणे झिजत चालली आहेत, आणि आमच्याकडे तो मुळातच विरळा. म्हणून तंबोऱ्यापेक्षा या प्रीअँपची डिजिटल प्रत करणे अधिक निकडीचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

आणि इथेच त्या एकाच चाकाची रचना उपयोगी पडली. साध्या अँपचे बटण “दोनच्या जरा वर” असते आणि उद्या ते तसेच ठेवता येईल याची खात्री नसते. जेएमपी-१ मध्ये गेन १४ म्हणजे १४ च. हे तपासण्यासाठी मी प्रीसेट ३७ मधून तोच सिग्नल दहा दिवसांच्या अंतराने दोनदा पाठवला आणि एक ध्वनिमुद्रण दुसऱ्यातून वजा केले. यंत्र चालू केल्यावर पाच मिनिटांत घेतलेले मुद्रण वजा करता उरलेला आवाज मूळ पातळीच्या ३१ डेसिबल खाली होता. दोन्ही वेळा चाळीस मिनिटे तापू दिल्यावर तो ४६ डेसिबल खाली गेला. म्हणजे यंत्र तापलेले असेल तर आकड्यांवरून आवाज जवळजवळ तंतोतंत परत मिळतो. ज्या यंत्राचा प्रत्येक आवाज आकड्यांत लिहिता येतो त्याचे एकच नव्हे तर ओळीने अनेक क्षण पकडता येतात, आणि प्रत्येकावर नेमकी पाटी लावता येते. मामांची वही हेच काम आधीपासून करत होती.

सप्टेंबर

तेव्हापासून प्रीसेट ३७ चे गेन ८ ते १८ असे एकेका आकड्याने कॅप्चर घेत आहे. अकरापैकी सात झाली. प्रत्येक वेळी चाळीस मिनिटे तापवणे, पातळी जुळवणे आणि रात्रभर प्रशिक्षण, असे करता आठवड्याला दोन होतात. सलग दोन कॅप्चरमध्ये पायाने बदल करता येईल अशी मांडणी केली आहे आणि गेन १४ वरून १२ वर जाणे आता शक्य आहे. मामांनी ते ऐकून होकार दिला.

मर्यादाही प्रामाणिकपणे नोंदवायला हव्यात. या मॉडेलची प्रमाणित रचना एका क्षणाचा आवाज ठरवताना मागच्या सुमारे ८५ मिलिसेकंदांचाच सिग्नल पाहते. गिटारची खालची ई तार ८२.४ हर्ट्झची, म्हणजे एका कंपनाला सुमारे १२ मिलिसेकंद. तेव्हा मॉडेलला त्या तारेची साधारण सात कंपने दिसतात. जोराच्या फटक्यानंतर सर्किट याहून सावकाश सावरत असेल तर ते मॉडेलच्या नजरेबाहेर राहते. गेन १८ वर लांब धरलेला सूर विझत जाताना मला जो अगदी सूक्ष्म फरक वाटतो तो यामुळे असावा. दुसरी अडचण उच्च स्वरांची. ४८ किलोहर्ट्झच्या मुद्रणात २४ किलोहर्ट्झच्या वरचे काही मावत नाही, आणि विकृतीतून तयार होणारे स्वरांश तिथे पोहोचले की उलटून खाली येतात. ५ किलोहर्ट्झच्या शुद्ध सुराचा सातवा स्वरांश ३५ किलोहर्ट्झचा. तो मॉडेलमध्ये १३ किलोहर्ट्झवर येऊन बसतो आणि त्याचे मूळ सुराशी कोणतेही संगीतनाते नसते. चाचणीच्या सुरावर तो मला स्पष्ट ऐकू आला. गिटारवर, कॅबिनेटचा इम्पल्स रिस्पॉन्स (स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची डिजिटल नोंद) पुढे लावल्यावर, तो झाकला जातो, कारण गिटारचा स्पीकर तेवढ्या वरचे फारसे पोहोचवतच नाही.

एन्कोडर नवा मागवला आहे. वहीतले चौतीस प्रीसेट यंत्रात परत भरले गेले आहेत. पस्तिसावा, क्रमांक ५२, अजून बाकी आहे. तो क्लीन २ वरचा, भावगीतांच्या कार्यक्रमांसाठीचा आवाज, आणि त्या ओळीतला ट्रेबलचा आकडा पाण्याने पुसला गेला आहे. मी तीन वेगवेगळ्या आकड्यांवर मुद्रण करून ऐकवले, पण मामांना त्यांतला एकही पटला नाही. येत्या रविवारी यंत्र तापवून चाक त्यांच्या हाती देणार आहे, आणि ते जिथे थांबतील तो आकडा त्यांच्याच हस्ताक्षरात त्या ओळीत लिहून घेणार आहे.