वकील नसलेला कोर्टाचा सिनेमा

रत्नागिरीतील वकिली सोडल्यापासून मांडवीच्या किनाऱ्यावर फिरताना कोणी ना कोणी विचारतेच, "वकीलसाहेब, कोर्टावरचा तुमचा आवडता सिनेमा कोणता?" तुम्हीही विचारलेत म्हणून सांगतो: सिडने ल्युमेट यांचा १९५७ सालचा 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'. त्यात वकिलाच्या तोंडी एकही वाक्य नाही, हा आमच्या व्यवसायाचा अपमानच म्हणायचा. बापाच्या खुनाचा आरोप असलेला एक मुलगा आणि बंद खोलीत त्याचा फैसला करणारे बारा ज्युरर, म्हणजे त्यासाठी निवडलेले सामान्य नागरिक; अकरा जण त्याला दोषी ठरवून मोकळे होतात आणि एकटा हेन्री फोंडा आपली खात्री पटलेली नाही, एवढेच सांगतो.

रेजिनल्ड रोझ यांनी हे नाट्य १९५४ मध्ये दूरचित्रवाणीसाठी लिहिले होते. ल्युमेट यांचा हा पहिलाच चित्रपट. दोन आठवडे तालीम करून त्यांनी तो तीन आठवड्यांच्या आत चित्रित केला. सुरुवातीला कॅमेरा माणसांच्या नजरेच्या वर आहे, मग तो नजरेच्या पातळीवर येतो आणि अखेरीस इतका खाली जातो की छतही दिसू लागते. शिवाय भिंगे बदलत नेल्यामुळे भिंती जवळ सरकल्यासारख्या वाटतात. मृग लांबला की बंद खोलीत जी घुसमट होते, ती आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही, आणि मध्येच पाऊस कोसळतो तेव्हा प्रेक्षकालाही हायसे वाटते.

तिकीटबारीवर तो फारसा चालला नाही, पण बासू चटर्जी यांनी त्यावरून १९८६ मध्ये हिंदीत 'एक रुका हुआ फ़ैसला' केला. तोवर आपल्याकडची ज्युरी इतिहासजमा झाली होती. नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरील १९५९ च्या खुनाच्या खटल्यात ज्युरीचा कौल ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाच्या बाजूने पडला. तिथेही एकटा पडलेला माणूस होताच, मात्र सिनेमातल्यासारखी एकमताची अट नसल्याने इतरांना त्याची समजूत घालण्याची गरजच नव्हती.

एक दोष मात्र मी या सिनेमाच्या पदरात घालतो. फोंडाचे पात्र स्वतः जाऊन खुनातल्या चाकूसारखाच चाकू विकत आणते. ज्युररला असा तपास करण्याची मुभा नसते. वकिलाला मात्र जागा पाहण्यापासून कोणी अडवत नाही, आणि हा सिनेमा पाहिल्यावर मी उलटतपासणीआधी घटनास्थळी जाऊ लागलो. एका साक्षीदाराने पडवीतून विहीर दिसल्याचे शपथेवर सांगितले होते. मी त्या पडवीत उभा राहिलो, तर मध्ये फणस होता.