काट्याची फाइल आणि सर्व्हरचा अँटिव्हायरस

दिवाळीच्या आसपास, कापूस सुरू व्हायच्या तोंडावर, यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याकडच्या जिनिंगवाल्यांचे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखानदारांचे, फोन सुरू होतात. "सर्व्हरवर टाकायला सगळ्यात भारी अँटिव्हायरस कोणता?" घरच्या लॅपटॉपसाठी पाहिलेला एक भाव त्यांच्या मनात पक्का असतो. तो घरगुती पॅक विंडोज सर्व्हरवर बहुधा बसतच नाही, इन्स्टॉलर सुरुवातीलाच नकार देतो, इथून मला सुरुवात करावी लागते. पुण्याचं क्विक हील घ्यायचं म्हटलं तरी धंद्यासाठी त्यांचं सीक्राइट वेगळं येतं. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "विंडोजचा डिफेंडर फुकट आहे ना?" आहे, आणि चांगला आहे. पण विंडोज १० वर दुसरा अँटिव्हायरस टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. विंडोज सर्व्हर २०१९ वर तो होत नाही, हाताने काढावा लागतो. काढला नाही तर दोघंही तीच फाइल तपासत बसतात आणि काटापट्टी, म्हणजे गाडीच्या वजनाची छापील पावती, निघता निघत नाही.

ही गोष्ट २०२४-२५ च्या हंगामातली. लांब धाग्याच्या कापसाला हमीभाव ७,५२१ रुपये क्विंटल होता, म्हणजे काट्यावर १० किलोचा फरक पडला की साडेसातशे रुपये इकडचे तिकडे. जिनिंगमधला सर्व्हर म्हणजे काही वेगळी खोली नसते. दिवाणजींच्या टेबलाखाली, रुईच्या कीसात बसलेला एक डबा असतो. त्यावर हिशोबाचं टॅली आणि वजनांच्या नोंदी ठेवणारा काट्याचा एसक्यूएल डेटाबेस. काटाघरातला संगणक नेटवर्कवरून सर्व्हरच्या डी ड्राइव्हमधल्या एका शेअर फोल्डरातून काट्याचं सॉफ्टवेअर उघडतो.

शेठजींनी मला निवड करायला बोलावलं तेव्हा त्या सर्व्हरवर काहीच चालू नव्हतं. डिफेंडर पॉलिसी लावून बंद केलेला. काट्याचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्या नागपूरच्या पोराने "मशीन स्लो होते" म्हणून तो बंद केला होता. हे मला गावोगाव दिसतं आणि दर वेळी राग येतो. पट्टी हळू निघण्याचं खरं कारण असं की डेटाबेसच्या एमडीएफ आणि एलडीएफ फाइली एसक्यूएल सतत उघडी ठेवतो, त्यावर लिहीत असतो, आणि अँटिव्हायरस प्रत्येक वेळी त्यात डोकावतो. तेवढ्या फाइली तपासणीतून वगळायच्या असतात, आणि हे मायक्रोसॉफ्टनेच लिहून ठेवलंय. ते वाचायचे कष्ट घेण्यापेक्षा सगळं कवच उतरवणं सोपं वाटतं.

मी एका कंपनीचा सर्व्हर एडिशन ट्रायलवर टाकला. निवडताना मी तीन गोष्टी पाहिल्या होत्या. कन्सोल, म्हणजे अँटिव्हायरसचं नियंत्रण, सर्व्हरवरच बसतो की फक्त इंटरनेटवरच्या क्लाउडवर, कारण रस्त्याच्या कामात फायबर तुटली की आमच्याकडे नेट कधी परत येईल याचा भरवसा नाही. अपडेट दुसऱ्या संगणकावरून आणून हाताने घालता येतात का. आणि सेटिंगला पासवर्ड लावता येतो का. संध्याकाळी काटा बंद झाल्यावर सगळं बसवलं, एमडीएफ-एलडीएफ वगळल्या, पूर्ण स्कॅन रविवारच्या रात्रीवर ठेवला आणि निघालो.

सकाळी फोन आला. रात्रीपासून लागलेली ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर रस्त्यावर गेलेली, आणि काटेवाल्याने आयकॉनवर क्लिक केलं तर फाइलच सापडत नाही. नव्या अँटिव्हायरसने काट्याची ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम सुरू करणारी फाइल, क्वारंटाइनमध्ये कोंडून टाकली होती.

पोचलो तेव्हा सगळ्यांनी निकाल देऊन टाकलेला होता. शेठजी म्हणाले, "भाऊ, आधी तुझा अँटिव्हायरस काढ, मग बोलू." नागपूरचा डेव्हलपर फोनवर म्हणाला, "सर, फॉल्स पॉझिटिव्ह आहे. अख्खा डी ड्राइव्ह एक्सक्लूड करा." म्हणजे फाइल चांगलीच आहे, अँटिव्हायरसने ती चुकून पकडली, आता सगळा ड्राइव्हच तपासणीतून वगळा. वर त्याने १९ जुलै २०२४ चा दाखला दिला. त्या दिवशी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रं आडवी पडली होती. दाखला खरा होता. बनवणाऱ्याची डिजिटल सही नसलेल्या, गावठी बनावटीच्या ईएक्सईवर अँटिव्हायरस उगाच संशय घेतात, हेही खरं. एक बटण दाबून फाइल परत आणली असती तर रांग लगेच हलली असती.

मी दाबलं नाही. काट्याचा इंडिकेटर संगणकाशिवायही वजन दाखवतो. म्हटलं, तोवर पावतीपुस्तकावर लिहा. तर रांगेतल्या पहिल्या ट्रॉलीवरचे काका खाली उतरले.

"हाताची पावती नाई पायजे. कम्प्युटरचीच द्या."

"काहून काका?"

"हातानं लिवलेलं वजन हिशोबाच्या टायमाले बदलते."

यावर काटेवाला काही बोलला नाही, दिवाणजीही नाही. शेवटी असं ठरलं की गाडीचा नंबर लिहिलेली पावती इंडिकेटरच्या आकड्याजवळ धरायची आणि शेतकऱ्याने आपल्याच मोबाइलमध्ये फोटो काढायचा. भरल्या गाडीचा एक, रिकामीचा एक. ज्याच्याकडे साधा फोन होता त्याचा फोटो मागच्या ट्रॉलीवाल्याने काढला. काका तयार झाले, पण फोटोतला आकडा त्यांनी मुलाकडून दोनदा वाचून घेतला.

तिकडे मी डेव्हलपरला त्याच्याकडची मूळ फाइल मागितली. कुरकुर करत त्याने पाठवली. आवृत्ती तीच होती, पण क्वारंटाइनमधली फाइल मोठी होती, बरोब्बर ४१,४७२ बाइटने. हा आकडा मला तोंडपाठ आहे. फोटो स्टुडिओ आणि झेरॉक्सच्या दुकानांतून मी तो इतक्या वेळा पाहिलाय. नेश्टा नावाचा जुना व्हायरस ईएक्सईच्या पुढच्या टोकाला स्वतःला चिकटवतो आणि फाइल तेवढीच वाढते. अशी फाइल चालवली की तो मूळ प्रोग्राम टेम्प फोल्डरात काढून नीट सुरू करून देतो, म्हणून वापरणाऱ्याला काहीच कळत नाही. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स हे फोल्डर तो सोडतो. टॅली तिथे होती म्हणून वाचली, काट्याची फाइल उघड्या शेअरवर होती म्हणून सापडली.

सर्व्हरच्या विंडोज फोल्डरात काही नव्हतं. काटाघरात गेलो. तिथला संगणक विंडोज ७ चा, ज्याचे मोफत अपडेट १४ जानेवारी २०२० लाच थांबले. त्याच्या विंडोज फोल्डरात एसव्हीसीहोस्ट डॉट कॉम बसलेला होता. खरा एसव्हीसीहोस्ट सिस्टिम३२ मध्ये असतो आणि ईएक्सई असतो. हा डॉट कॉम नुसता डिलीट करून भागत नाही. विंडोजच्या सेटिंगची नोंदवही असलेल्या रजिस्ट्रीत त्याने अशी नोंद केलेली असते की कुठलाही प्रोग्राम आधी त्याच्यातून जातो. नोंद दुरुस्त न करता तो उडवला तर त्या संगणकावर पुढे एकही ईएक्सई उघडत नाही. घाईतल्या पोरांनी अशी किती मशीनं फॉरमॅटला पाठवलीत. हा व्हायरस आणणारा पेनड्राइव्ह कोणी लावला होता हे मी विचारलं नाही. काटेवाल्याला दोष देऊन सुटण्यासारखं ते प्रकरण नव्हतं.

त्या संगणकाची नेटवर्कची वायर काढली आणि माझा लॅपटॉप लावला. काट्याची वायर लावायचा सिरीयल पोर्ट त्याला नाही, कन्व्हर्टर लावला तर तो कॉम ४ या पोर्टवर बसला, आणि काट्याचं सॉफ्टवेअर फक्त कॉम १ कडे बघतं. डिव्हाइस मॅनेजरमधून नंबर बदलला. इंडिकेटरचा आकडा पडद्यावर हलायला लागला तेव्हा गेटवरून कोणीतरी "झालं, झालं" म्हणून ओरडलं.

स्वच्छ फाइल ठेवताना शेअर फोल्डरची 'एव्हरीवन, फुल कंट्रोल', म्हणजे कोणीही काहीही करा, ही परवानगी काढून काटाघराला फक्त वाचायची दिली. शेठजी बाजूलाच उभे होते. म्हणाले, "पण इतके महिने वजन तर बरोबर येत होतं ना? काम तर चालत होतं?"

चालत होतं. नेश्टा वजनाला हात लावत नाही. मी त्यांना सांगितलं की ज्या दारातून हा आला त्याच दारातून खंडणी मागणारा रॅन्समवेअर आला असता, तर टॅली आणि काटापट्ट्यांचा हंगाम एका रात्रीत कुलूपबंद झाला असता, आणि तुमचा बॅकअप त्याच डी ड्राइव्हवर आहे. बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क त्यांनी त्याच आठवड्यात घेतली. पण त्यांचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. ज्या व्हायरसने त्रास दिसू दिला नाही तो असताना सगळं चांगलं चाललंय असं सगळे म्हणत होते, आणि ज्या अँटिव्हायरसने खरं पकडलं तो पहिल्याच तासात काढून टाकायचा ठरला होता. सर्व्हरचा अँटिव्हायरस भारी की हलका यावर बोलणं होतं, पण सर्व्हरवर पेनड्राइव्ह लावतो कोण? घाण येते ती काटाघरातून, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरच्या टेबलावरून, दिवाणजींच्या लॅपटॉपमधून.

म्हणून मी लायसन्स सगळ्या संगणकांचं एकत्र मागितलं. शेठजींनी सर्व्हरचं आणि काटाघराचं घेतलं, काटाघराला नवीन संगणकही दिला. बाकीचे दोन पुढच्या हंगामावर टाकलेत. डेव्हलपरचा नंतर पुन्हा फोन आला, डी ड्राइव्ह वगळा म्हणून. मी डेटाबेसच्या फाइली वगळल्याचं त्याला लिहून पाठवलं आणि ईएक्सईवर डिजिटल सही करून द्या अशी मागणी केली. उत्तर आलेलं नाही. अँटिव्हायरसच्या सेटिंगचा पासवर्ड शेठजींकडे बंद पाकिटात आहे. सॉफ्टवेअरवाल्याला तो द्यायचा नाही, असं मी सांगून ठेवलंय. रांग पुन्हा अडेल तेव्हा ते पाकीट फोडतात की मला फोन करतात, ते तेव्हाच कळेल.