मुलं खातात का हो ते?

लग्नात, मुंजीत, बसस्टॉपवर, कुठेही गाठ पडली की प्रश्न ठरलेला. "तुमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये म्हणे उकड्या तांदळांचं शीत देतात, अळसांद्यांची भाजी देतात. मुलं खातात का हो ते?"

शीत म्हणजे भात, अळसांदे म्हणजे गोव्याची चवळी. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. खातात. पहिला आठवडा तोंडं वाकडी करून खाल्लं. "घरांत तेंच, कॉलेजींतूय तेंच?" असं एक जण मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणालाही. मग मुकाट्यानं खाऊ लागली. एकोणीस वर्षांचं भुकेलं पोर काय खात नाही? त्यांच्या खाण्याची काळजी मला कधीच नव्हती. ज्याची होती ते कुणी विचारत नाही.

मी फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघते. गोव्याची भाजी बेळगावहून चोर्ला घाटातून येते, हे वाक्य मी वर्गात कितीदा उच्चारलं असेल! मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली, हद्दी बंद झाल्या, सुरुवातीचे काही दिवस तर किराण्याची दुकानंही उघडेनात, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ मला स्वयंपाकघरात उभं राहून कळला. कॉलेज पुन्हा भरलं तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीनं विचारलं, "मॅडम, आपल्या कँटीनमधलं गोव्याचं काय काय असतं?" मला उत्तर देता येईना.

तिनंच कुठेतरी वाचलं होतं की अमेरिकेत 2008 साली 'रिअल फूड चॅलेंज' नावाची विद्यार्थ्यांची चळवळ सुरू झाली. विद्यापीठं जेवणावर जो पैसा खर्च करतात त्यातला निदान 20 टक्के 2020 पर्यंत जवळच्या, राबणाऱ्याला योग्य मोबदला देणाऱ्या, जमिनीला न नासवणाऱ्या शेतीकडे वळवा, ही त्यांची मागणी. त्यासाठी ती मुलं खानावळीची बिलं पुढ्यात घेऊन एकेक जिन्नस कुठून आला ते शोधत. तिकडच्या विद्यापीठांचे डॉलर आणि आमचं चार बाकांचं कँटीन यांची बरोबरी नाही, पण बिलं वाचायची युक्ती मला आवडली. फुकटची होती.

कँटीनवाल्या अण्णांना आधी वाटलं आम्ही कर खात्याकडून आलोय. शेवटी त्यांनी बुटांच्या खोक्यात कोंबलेली दोन आठवड्यांची बिलं दिली. मुलांनी ती जमिनीवर पसरली. गोव्याचे निघाले ते नारळ, सोलं (आमसुलं) आणि मासळी. पाव पदेराचा, म्हणजे गावच्या पाववाल्याचा, पण पीठ बाहेरचं. आणि ज्याला आपण अभिमानानं गोंयची न्याहारी म्हणतो त्या भाजी-पावातला वाटाणा? देशात आयात होणारा सुका वाटाणा बराचसा कॅनडा आणि रशियाचा असतो. अण्णांच्या पोत्यातला कुठला ते दुकानदारालाही सांगता आलं नाही. उलट अळसांदे आपल्याच शेतात होतात. सरद, म्हणजे पावसाळी, भात कापलं की जमिनीत जी ओल उरते तिच्यावर. ते वाटाण्याहून महाग पडतात, म्हणून सोमवारी आणि गुरुवारीच.

मिठाचं मात्र आमचं हसं झालं. पेडण्यात आगरवाड्याला मिठागरं आहेत, मुलं उत्साहानं जाऊन पोतं घेऊन आली. मग कळलं की आयोडीन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला कायद्यानं बंदी आहे. ते पोतं पुढे माझ्या घरच्या माडांना खपलं.

आता तांदूळ. खाजन शेतीबद्दल गोव्यात भाषणं भरपूर होतात. खाडीला बांध घालायचा, भरती-ओहोटीला मानशीची, म्हणजे बांधातल्या झडपेची, दारं उघडझाप करून खारं पाणी अडवायचं, आणि तरी जे खारं राहील त्यात टिकेल असं कोरगुट जातीचं भात पेरायचं. जुने गोवेंच्या संशोधन संस्थेनं 'गोवा धान'चे काही वाण या कोरगुटातूनच निवडून काढलेत. हे मीही शिकवते. पण जुवारी नदीकाठच्या एका गावातल्या महिला गटाकडे आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या म्होरक्या बाईंनी विचारलेला पहिला प्रश्न वेगळा होता. "पैसे केन्ना मेळटले?" पैसे कधी मिळणार?

त्यांचं बरोबर होतं. भात कापून सोसायटीत घातलं तर सरकारच्या आधार किमतीनं पैसे बँकेत येतात. आमच्यासाठी ते घरी ठेवायचं, भाणात उकडायचं, अंगणात वाळवायचं, गिरणीवाल्याच्या विनवण्या करायच्या (तो दोन पोत्यांसाठी यंत्र लावत नाही), आणि मग अण्णा महिनाभरानं पैसे देणार. अण्णाही लबाड नव्हेत. किराणावाला त्यांना महिन्याची उधारी देतो, म्हणून त्यांचा गाडा चालतो. बायांच्या गटाला असा किराणावाला कुठला?

तिथे आमचं घोडं दीड वर्ष अडलं. पोस्टरं झाली, रानभाज्यांचा दिवस झाला, टायकिळ्याच्या भाजीबरोबर फोटो झाले. कॉलेजच्या कार्यालयाला यातलं काहीच नको होतं. मग कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या 'नॅक'ची समिती येणार असं ठरलं आणि तेच फोटो एका रात्रीत 'उत्तम उपक्रम' झाले. असो.

वाट दाखवली आमच्या ग्रंथालयातल्या शिपाईबाईंनी. "मॅडम, तुम्हां शिक्षकांनाही पावसाळ्याच्या पुरुमेंताला, बेगमीला, तांदूळ लागतातच ना? मग आधी भरा पैसे." नोव्हेंबरात तेवीस जणांनी घरच्या तांदळाचे पैसे आगाऊ दिले. त्या रकमेवर उकडणं, वाळवणं, गिरणी सगळं निघालं, पोती पुरेशी झाली म्हणून गिरणीवालाही वळला, आणि कँटीनचे तांदूळ त्याच गाडीत बसून आले. त्यात कोरगुट थोडंच असतं, बाकी ज्योती वाणाचं. सगळं खाजनाचं असं कुणी सांगत असेल तर ते खरं नव्हे.

अण्णांची तक्रार गॅसची होती. उकडे शिजायला वेळ घेतात. रात्री भिजत घालून ती थोडी मिटली. आणि सकाळी अकराला पेज, लोणचं, वर सुक्या बांगड्याचा तुकडा द्यायला त्यांनी आपणहून सुरुवात केली. तो धंदा आता चहाहून बरा चालतो, आणि श्रेय ते आम्हाला मुळीच देत नाहीत.

ज्या मुलीनं पहिला प्रश्न विचारला ती पदवी घेऊन गेली. मुलं तीन वर्षांची पाहुणी. त्यामुळे जाताना तिच्या वर्गानं एकच हट्ट धरला: कँटीनच्या निविदेतच हे लिहा. सर्वांत कमी दरवाल्याला ठेका, एवढंच त्यात असायचं. यंदा एक कलम वाढलं, तांदूळ आणि कडधान्यं शक्य तिथे तालुक्यातली, गटाचे पैसे पंधरा दिवसांत. इंग्रजीत टंकताना कुणीतरी उकड्या तांदळाला 'बॉइल्ड राइस' लिहिलं. गेल्या आठवड्यात गोव्याबाहेरच्या एका ठेकेदाराचा फोन आला, "मॅडम, तांदूळ शिजवूनच आणायचा का?"