गॅस वर्क्स पार्क : एका शिक्षकाचे काम

सिअ‍ॅटलमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच मोकळ्या रविवारी मी लेक युनियन या तलावाच्या उत्तर काठावरील गॅस वर्क्स पार्कमध्ये गेलो. हिरवळीच्या कडेला उभे असलेले गंजलेले उंच मनोरे पाहून, हे पाडायचे राहून गेले असावेत, असे मला वाटले. ते मुद्दाम राखलेले आहेत आणि त्यामागे रिचर्ड हाग या लँडस्केप आर्किटेक्टचा, म्हणजे उद्याने आणि मोकळ्या जागांची रचना करणाऱ्या वास्तुकाराचा, आग्रह होता, हे मला नंतर कळले.

हाग यांचा जन्म १९२३ मध्ये केंटकी राज्यात झाला. वडिलांची रोपवाटिका होती, त्यामुळे झाडांशी त्यांची ओळख पुस्तकांच्या आधीची. पुढे हार्वर्डमध्ये शिक्षण आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीवर जपानमधील वास्तव्य झाल्यावर १९५८ मध्ये ते याच शहरातील वॉशिंग्टन विद्यापीठात शिकवू लागले आणि १९६४ मध्ये त्यांनी तेथे लँडस्केप आर्किटेक्चरचा स्वतंत्र विभाग उभा केला.

उद्यानातले मनोरे एका जुन्या कारखान्याचे आहेत. कोळशापासून, आणि पुढे तेलापासून, गॅस तयार करणारा हा कारखाना १९०६ ते १९५६ अशी पन्नास वर्षे चालला. नंतर ती जागा उद्यानासाठी नगरपालिकेकडे आली, तेव्हा यंत्रे भंगारात काढून सगळे सपाट करावे, असेच बहुतेकांना वाटत होते. हाग यांनी मात्र जागेवरच्या जुन्या लोहारशाळेत आपले कार्यालय थाटले आणि लोकांना तेथेच बोलावून, या मनोऱ्यांत काय पाहण्यासारखे आहे हे त्यांना दाखवले. माझ्या मते हा त्यांच्या अध्यापनाचाच भाग होता, फक्त या वर्गात विद्यार्थ्यांच्या जागी नागरिक बसले होते. १९७५ मध्ये उद्यान खुले झाले. कॉम्प्रेसरची यंत्रे रंगवून मुलांना खेळायला दिली गेली आणि राडारोड्याच्या ढिगाची टेकडी झाली, जिच्यावर आज पतंग उडतात.

मला सर्वाधिक भावते ते मातीचे काम. तेलाने माखलेली सगळी माती उचलून दुसरीकडे टाकण्याऐवजी हाग यांनी तिच्यात सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळला, जेणेकरून जिवाणूंनी तेलातील घटकांचे विघटन करावे. त्या काळात उद्यानासाठी असा विचार करणे धाडसाचे होते. उपाय पुरता पडला नाही, हेही सांगायला हवे : १९८४ मध्ये दूषित घटक आढळल्याने उद्यान काही काळ बंद ठेवावे लागले, आणि शुद्धीकरण त्यानंतरही चालू राहिले. तरीही, बिघडलेली जमीन टाकून न देता तिच्यासोबत काम करायचे, ही दिशा मला आजही योग्य वाटते.

शहराजवळच्या बेनब्रिज बेटावरील ब्लोडेल रिझर्व्ह या उद्यानातले काम हे त्यांचे दुसरे मोठे काम, अगदी शांत. तेथील शेवाळाच्या बागेत तोडलेल्या वृक्षांचे जुने बुंधे तसेच ठेवले आहेत आणि त्यांच्यावर नवी रोपे वाढताना दिसतात. त्या ओल्या, दबक्या उजेडातून पुढे गेले की उंच कुंपणझाडांनी वेढलेला लांबट जलाशय अचानक समोर येतो. पाण्यात केवळ आकाश आणि झाडे. पहिल्या भेटीत मी तेथे जवळजवळ तासभर उभा होतो. फेरीबोटीने परतताना मला गॅस वर्क्सचे मनोरे आठवत होते, कारण बुंधे आणि मनोरे राखणारी नजर एकच होती.