लाल रेघ येत नाही तिथंच खरा घोळ

अमळनेरला माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे, त्यामुळे अर्ज, लग्नपत्रिका, बिलबुकं, दुकानांचे बोर्ड सगळं हाताखालून जातं आणि त्याबरोबर इंग्रजीचे घोळ पण. स्पेलिंग साफ चुकलं तर कॉम्प्युटर लाल रेघ मारतो, विषय संपला. पण दूध डेअरीच्या बोर्डावर डायरी टाईप झालं तर तो बिचारा काय करणार, दोन्ही शब्द त्याच्या डिक्शनरीत आहेत. आपल्या कानांचाही इथं फारसा उपयोग नाही, कारण आपल्याला सवय जसं बोलू तसं लिहायची, घरी केळीला केयी म्हटलं तर लिहिताना पण केयीच उमटते. इंग्रजीत आवाज एक, अक्षरं वेगळी आणि अर्थ तर पार दुसऱ्या गावचा.

सगळ्यात जास्त वेळा येतो तो प्रिन्सिपल. कॉलेजच्या अर्जात वर 'टू द प्रिन्सिपल' असतंच आणि पोरं शेवटी पी-एल-ई लिहून आणतात, म्हणजे तत्त्व. माननीय तत्त्व महोदय, मला तीन दिवसांची रजा मिळावी. इंग्रज पोरांना शिकवतात की प्रिन्सिपल हा तुमचा पॅल म्हणजे दोस्त, म्हणून शेवटी पी-ए-एल. आता आपल्याकडे प्रिन्सिपल सर व्हरांड्यात दिसले की पोरं वर्गात पळतात, दोस्त कुठून वाटणार! मी सरळ सांगतो, पी-ए-एल म्हणजे पाल, भिंतीवरची, सरांच्या ऑफिसात ट्यूबलाईटमागं असतेच एखादी. हे बरोबर डोक्यात बसतं. आणि बँकेच्या पीककर्जाच्या स्टेटमेंटवर इंटरेस्टच्या शेजारी जो प्रिन्सिपल असतो ना, मुद्दल, तो पण पी-ए-एलवालाच, कारण लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थच पहिला, मुख्य. कॉलेजात मुख्य माणूस आणि कर्जात मुख्य रक्कम, दोघांनाही पाल.

स्टेशनरीचं मला स्वतःला फार आवडतं. शेवटी ई-आर-वाय असेल तर वह्या-पेनं, ए-आर-वाय असेल तर एका जागी थांबलेलं, म्हणजे सिग्नलला उभी असलेली गाडी. आता वही-पेनाचा आणि थांबण्याचा काय संबंध? तर आहे. जुन्या काळी युरोपात बरेच विक्रेते फिरून माल विकायचे, आपल्या आठवडे बाजारातल्या दुकानदारांसारखे, आज या गावाला उद्या त्या गावाला. पुस्तकं आणि कागद विकणारे मात्र युनिव्हर्सिटीजवळ नाहीतर मोठ्या चर्चजवळ ठिय्या देऊन बसायचे, म्हणून ते स्टेशनर, आणि ते विकतात ती स्टेशनरी. लंडनमध्ये तर १४०३ साली त्यांचा संघ झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद पण मिळाली. म्हणजे दोन्ही शब्द निघाले एकाच घरातून, फक्त एक अक्षर बदलून वेगळे राहायला लागले. दुकानावर ए-आर-वाय लिहिलं की त्याचा अर्थ होतो 'श्री गणेश स्थिर', जे तसं खोटं नाही पण गिऱ्हाईकाला वही पाहिजे असते.

मग लग्नसराई. पत्रिकेच्या खाली, स्मरणिकेत, दिवाळीच्या जाहिरातीत 'विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम' आणि पुढं दुकानाचं नाव. इथं पी-एल नंतर आय पाहिजे, शुभेच्छा किंवा कौतुक. ई घातला की तो कॉम्प्लिमेंट म्हणजे पूरक, दुसऱ्याला पूर्ण करणारी गोष्ट. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी हे एकमेकांचे ईवाले कॉम्प्लिमेंट, आणि भरीत खाऊन वहिनींना जे म्हणतो ते आयवालं. हॉटेलात फुकट मिळणारा नाश्ता पण आयवालाच, शिष्टाचार म्हणून दिलेला. हे सगळं एकदा एका गिऱ्हाईकाला समजावून सांगितलं, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मांगला सालना कारडवर आसंच व्हतं ना भो, ऱ्हाऊ दे तसंच." राहू दिलं. पैसे त्याचे.

डेअरी आणि डायरीचं सोपं आहे. डायरी आली लॅटिन 'दिएस'वरून, म्हणजे दिवस, आणि हा शब्द आपल्या दिवसाच्या नात्यातलाच आहे. म्हणून आधी डी-आय, दिवसातला दि. उरलं ते दूध.

प्रॅक्टिसवर मात्र कॉम्प्युटरशीच भांडण होतं. ब्रिटिश पद्धतीत नाम असेल तर सी, क्रियापद असेल तर एस, म्हणून डॉक्टरची प्रॅक्टिस सीवाली पण तो करतो ती एसवाली. ॲडव्हाइस आणि ॲडव्हाइझमध्ये हा फरक ऐकू तरी येतो, इथं तो पण येत नाही. अमेरिकेत प्रॅक्टिस दोन्हीकडे सी आणि लायसन्स दोन्हीकडे एस, का ते त्यांनाच विचारा. कॉम्प्युटरची भाषा अमेरिकन सेट असली की तो आपल्या बरोबर शब्दाखाली पण रेघ मारतो. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्स सीनं लिहिलंय, त्यामुळे ड्रायव्हिंग स्कूलचा बोर्ड करताना मी रेघेकडे बघत नाही. सेटिंगमध्ये जाऊन इंग्लिश इंडिया करून टाकलं की हा एक त्रास तरी कमी होतो.

राहता राहिलं लूज. एक ओ म्हणजे गमावणं, दोन ओ म्हणजे सैल. बारावीच्या क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर 'डोन्ट लूज होप' हमखास असतं आणि हमखास दोन ओ. आशा सैल सोडू नका. हे मात्र मी कधीच दुरुस्त करत नाही, जास्त बरं वाटतं ते.